जुन्या लोखंडी पाइपला नवा फाटा: ‘कापा आणि टी बसवा’ हा सल्ला अपुरा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

घरातल्या नळाला नवा फाटा कसा काढावा याचे सल्ले हल्ली सगळीकडे वाचायला मिळतात. ‘पाइप कापा, मध्ये टी घाला, टेप गुंडाळा, आवळा’ एवढ्यात बहुतेक सल्ले आटोपतात. (टी म्हणजे तीन तोंडांचा जोड; अशा जोडाच्या सगळ्या सामानाला फिटिंग म्हणतात.) सोल्युशन लावून चिकटवायच्या प्लास्टिक पाइपला हे चालते. आट्यांच्या लोखंडी पाइपला चालत नाही. आणि हे न सांगितल्यामुळे माणूस भर दुपारी पाइप कापून बसतो, हातातली टी कुठल्याच बाजूने बसत नाही आणि तोवर सगळ्या घराचे पाणी बंद असते. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोखंडी पाइपच्या दोन्ही टोकांना उजवेच आटे असतात. दोन फिटिंगच्या मध्ये बसलेला पाइप कोणत्याही दिशेने फिरवा, एक टोक सुटते तेव्हा दुसरे आवळले जाते. म्हणूनच अशी ओळ बसवताना एका टोकापासून सुरुवात करून एकामागून एक तुकडा फिरवत पुढे जातात. ती उलगडायची तर शेवटच्या टोकाकडून मागे यावे लागते. मधला पाइप कापला की दोन्ही अर्धे भाग मोकळे होतात आणि आपापल्या फिटिंगमधून फिरवून निघतात, तिथवर सगळे सोपे असते. अडचण येते ती परत जोडताना. शेवटच्या जोडाला पाइप दोन्हीकडे एकाच वेळी आत सरकायला हवा आणि अर्धा इंची पाइप प्रत्येक बाजूला सुमारे १३ मि.मी. आत जातो. ते शक्य नाही. पाइप न फिरवता जोड बंद करणारी वस्तू तिथे लागते, आणि ती म्हणजे युनियन.

युनियन तीन भागांची असते: दोन बाजूंच्या पाइपवर बसणारे दोन भाग आणि त्यांना एकत्र ओढणारा मोठा नट. फिरतो तो फक्त नट, पाइप जागचे हलत नाहीत. तेव्हा फाटा काढण्याच्या सामानात टीइतकीच युनियनही आवश्यक आहे. ‘टी आणा’ असे सांगणाऱ्याने ‘टी आणि युनियन आणा’ असे सांगायला हवे.

पण कापण्याआधी न कापता काम होते का ते पाहावे. जवळपास आधीचीच युनियन असेल तर ती उघडून तिथपासून टीच्या जागेपर्यंत मागे येता येते, आणि एखाद्या सॉकेटच्या (सरळ जोडाच्या) किंवा एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) जागी टी बसवता येते. एल्बोच्या जागी टी उत्तम, कारण तिथे ओळ आधीच वळलेली असते आणि टीचे तिसरे तोंड फुकट मिळते. त्याहून सोपी जागा म्हणजे ओळीचे शेवटचे टोक. नळ काढा, भिंतीतल्या फिटिंगमध्ये षटकोनी निपल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला आखूड तुकडा) लावा, त्यावर टी, टीच्या पुढच्या तोंडात पुन्हा तोच नळ. अर्धा इंची टीने नळ सहा-सात सें.मी. पुढे येतो. तेवढे बेसिनवर किंवा बादलीवर जमते का ते आधी मोजावे. शिवाय पुढे आलेल्या नळावर हाताचा भार जास्त पडतो, म्हणून तिथे क्लॅम्प हवा.

हे जमत नसेल तर कापण्याला पर्याय नाही. आता मोजमाप. यात चूक झाली की पुढे काहीच दुरुस्त होत नाही, म्हणून आकडेच देतो.

समजा दोन फिटिंगच्या तोंडांमधले अंतर ६०० मि.मी. आहे आणि पाइप अर्धा इंची आहे. दोन्हीकडे १३ मि.मी. आत गेलेले धरले तर जुना पाइप प्रत्यक्षात ६२६ मि.मी. लांब आहे. अर्धा इंची साधी टी तोंडापासून तोंडापर्यंत साधारण ५६ मि.मी. भरते आणि युनियन सुमारे ४८ मि.मी. कंपनीनुसार यात फरक पडतो, तेव्हा सामान आधी आणावे, स्वतः मोजावे आणि मगच पाइपला करवत लावावी. टी आणि युनियनच्या मध्ये ५० मि.मी. लांबीचा आखूड निपल ठेवला तर त्याचा २४ मि.मी. भाग बाहेर दिसेल. म्हणजे ६०० मधून ५६, ४८ आणि २४ वजा करून ४७२ मि.मी. उरले. टीचे मधले तोंड कुठे हवे त्यानुसार हे वाटून घ्यायचे. डावीकडे ३०० दिसायला हवे असतील तर तो तुकडा ३०० अधिक २६, म्हणजे ३२६ मि.मी. उजवीकडे उरलेल्या १७२ साठी १९८ मि.मी. पाऊण इंचीला आत जाणारी लांबी १४ ते १५ आणि एक इंचीला सुमारे १७ मि.मी. धरावी.

या उदाहरणातले दोन्ही लांब तुकडे जुन्याच पाइपमधून निघतात, कारण त्यांच्या बाहेरच्या टोकांना आटे आधीच आहेत. फक्त कापलेल्या टोकांना नवे आटे पाडायचे. मात्र इथे डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा. मध्यम जाडीच्या अर्धा इंची पाइपची भिंत नवी असताना २.६ मि.मी. असते आणि आटे पाडले की साधारण निम्मीच शिल्लक राहते. जुना पाइप आतून गंजलेला असेल तर त्या निम्म्यातलेही गेलेले असते. कापलेल्या तोंडातून बॅटरी मारून पाहा. भिंत एकीकडे पातळ झाली असेल किंवा गंजाच्या गाठींनी भोक अर्ध्यावर आले असेल तर जुन्या तुकड्याला डाय (आटे पाडायचे हत्यार) लावू नये. नवे तयार तुकडे घ्यावेत. आणि भोक करंगळीही न जाण्याइतके बुजले असेल तर मुळात फाटाच काढू नये. नवा नळ सुरू केला की जुन्याची धार तुटेल. अशी ओळच बदलायची असते, आणि हे सामान खरेदी करण्याआधी कळणे अवघड असल्यामुळे शक्य असेल तर एखादा नळ काढून आत डोकावावे.

कामाला सुरुवात करताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, गीझरचा विजेचा स्विच आधी बंद करावा, मग सर्वांत खालचा नळ उघडून ओळ रिकामी करावी आणि हवा आत यायला वरचाही एक उघडावा. जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईलच असे नाही. पाच मिनिटे थांबून धार खरोखर थांबली का ते पाहिल्याशिवाय करवत उचलू नये. दुसरी गोष्ट जवळपास कोणीच लिहीत नाही, पण ती जिवाशी संबंधित आहे. अनेक घरांत लोखंडी पाइपची ओळ विजेच्या अर्थिंगला जोडलेली असते. घरात कुठे गळतीचा करंट असेल तर पाइप कापताना दोन्ही हात दोन तुकड्यांवर असलेल्या माणसाच्या अंगातून तो जाऊ शकतो. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, घासून चकचकीत केलेल्या पाइपवर क्लॅम्प लावून जाड तांब्याची तार जोडून ठेवावी आणि मगच कापावे. अर्थिंगची तार पाइपवर दिसत असेल किंवा पाइपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर काम थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मध्ये प्लास्टिकचा तुकडा घातला तरी अर्थिंगची सलगता तुटते, हेही त्याला सांगावे.

कापायला हॅकसॉचे पाते इंचाला २४ दातांचे घ्यावे, जाड पाइपला १८ दातांचे चालते. काप काटकोनात हवा, तिरपा असेल तर डाय तिरपी चढते आणि आटे एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ पडतात. चाकाच्या पाइप कटरने काप सरळ येतो पण आत धार उभी राहते. ती रीमरने किंवा अर्धगोल कानशीने काढून टाकावी, नाहीतर तिथे गाळ अडकून बसतो. जुना तुकडा फिटिंगमधून काढताना दोन पाइप पाने लागतात, एक पाइपवर आणि दुसरा फिटिंगवर. एकाच पान्याने ओढले तर सांधा सुटण्याऐवजी भिंतीतला मागचा जोड पिळला जातो, आणि तो गळू लागला तर भिंत फोडावी लागते. १४ इंची आणि १० इंची अशी जोडी घरच्या कामाला पुरते. पान्याच्या उघड्या तोंडाच्या दिशेनेच जोर द्यावा, उलट दिला तर तो निसटतो. सांधा जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून काही तास थांबावे आणि फिटिंगला एका बाजूने जड हातोड्याचा आधार देऊन दुसऱ्या बाजूने हलके ठोके मारावेत. ब्लोलँपने तापवायचेच असेल तर पाइप नव्हे, फिटिंग तापवावी, म्हणजे ती फुगून सैल होते. पाइपवरच्या जस्ताच्या मुलाम्याचा धूर नाकात जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या उघड्या हव्यात.

आटे पाडताना पाइप शेगड्यात घट्ट धरावा, डाय सरळ चढवावी आणि तेल सढळ हाताने वापरावे. कोरडी डाय आटे कापत नाही, फाडते, आणि फाटलेल्या आट्यातून पाणी वाट काढतेच. साध्या डायला अर्धा-पाऊण फेरा पुढे, थोडे मागे असे करत चुरा तोडत जावे. पाइपचे टोक डायच्या तोंडाशी आले की थांबावे. जास्त घट्ट बसेल या समजुतीने आणखी पुढे गेलात तर उलटेच होते. आटे १ ला १६ अशा उताराचे, निमुळते असतात आणि त्या निमुळतेपणामुळेच जोड आवळला जातो. डाय पुढे नेली की पुढचे आटे सरळ पडतात, फिटिंग हाताने सरसर शेवटपर्यंत चढते आणि मग कितीही टेप गुंडाळली तरी गळती थांबत नाही. योग्य आट्यांवर अर्धा इंची फिटिंग हाताने साडेतीन-चार फेरे चढते आणि पान्याने आणखी दोन-तीन. हाताने दीड-दोन फेऱ्यांतच अडकत असेल तर आटे उथळ आहेत किंवा जातच वेगळी आहे.

ही जातीची गोष्ट जरा बारकाईने घ्यायला हवी. जगात पाइपच्या आट्यांच्या दोन मोठ्या पद्धती आहेत, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. पहिल्यात आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्यात ६०. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हींचे आटे इंचाला १४ च असतात, त्यामुळे एकाचे फिटिंग दुसऱ्यावर बऱ्यापैकी चढते, माणसाला बसल्यासारखे वाटते आणि दाब आला की ते गळते. एक इंचीत बीएसपीचे ११ आणि एनपीटीचे साडेअकरा, तिथे ते काही फेऱ्यांत अडकून आटेच बिघडवते. बाहेरून मागवलेल्या यंत्राबरोबर किंवा फिल्टरबरोबर आलेले फिटिंग वापरताना हे तपासावे. दोहोंची सांगड घालणारे अडॅप्टर मिळतात.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना पाइपचे टोक आपल्याकडे धरावे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जावे. उलटी गुंडाळलेली टेप फिटिंग चढताना गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जाऊन नळाच्या जाळीत अडकत नाहीत. साध्या पातळ टेपचे चार-पाच वेढे पुरतात. हाताने पाडलेल्या खरबरीत आट्यांना मी टेपपेक्षा ताग आणि पेस्ट पसंत करतो, कारण ताग पाण्याने फुगतो आणि खरबरीतपणा भरून काढतो. मात्र तागाचे धागे आट्यांत बसायला हवेत. गुळगुळीत आटे करवतीच्या पात्याने हलके ओरखडून घ्यावेत, नाहीतर फिटिंग चढताना धागे पुढे ढकलले जातात. पिण्याच्या पाण्याच्या ओळीवर शिसे असलेला सफेदा (जोडाला लावायचा पांढरा लेप) अजिबात वापरू नये. डबीवर पिण्याच्या पाण्यासाठी चालते असे स्पष्ट लिहिलेली पेस्टच घ्यावी. जाडच्या जाड वेढे देऊन पितळी फिटिंग आवळू नये, निमुळता आटा पाचरीसारखा आत शिरतो आणि पितळ उभे चिरते.

आता जोडणी. डाव्या फिटिंगमध्ये ३२६ चा तुकडा आवळावा, त्यावर टी. टेप लावलेला जोड आवळून झाल्यावर उलटा फिरवायचा नाही, सील तुटते. म्हणून टीचे तोंड हव्या दिशेला येत असताना थांबावे, आणि पुढे गेले तर मागे न आणता आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. अर्धा इंचीत एक फेरा म्हणजे १.८ मि.मी., एवढी तडजोड मापात चालते. फेरा घेण्याइतकी जागा उरली नसेल तर उघडून, पुसून, नव्याने टेप लावावी. फाट्याचा निपल आणि व्हॉल्व्ह टीला आधी जोडून ठेवण्याचा मोह होतो. पण टी फिरवताना तो लांब हात भिंतीवर आपटतो, पूर्ण फेरा होतच नाही. भिंतीलगतच्या पाइपवर आधी नुसती टी चढवावी, फाटा नंतर लावावा, आणि तो आवळताना टी दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी.

टीच्या पुढच्या तोंडात आखूड निपल आणि त्यावर युनियनचा बाहेरून आटे असलेला भाग. उजव्या बाजूला १९८ चा तुकडा, आणि त्याच्यावर युनियनचा दुसरा भाग चढवण्याआधी मोठा नट पाइपवर सरकवून ठेवायचा. हा नट राहून जातो आणि मग सगळे पुन्हा उघडावे लागते, म्हणून मुद्दाम सांगतो. युनियनच्या टेकणाऱ्या तोंडावर किंवा मोठ्या नटाच्या आट्यांवर टेप लावायची नाही. तिथे पाणी अडते ते धातूवर धातू किंवा वॉशर दाबून बसल्याने, आट्यांमुळे नव्हे. टेप लावली तर तोंडे नीट टेकतच नाहीत. तोंडे स्वच्छ पुसावीत, ओरखडा किंवा चुऱ्याचा कण असेल तर गळणार हे नक्की. शंकूच्या आकाराच्या तोंडांची युनियन जागेवर आणायला ओळ काही मि.मी. बाजूला सरकवावी लागते, त्यासाठी जवळचे क्लॅम्प आधी सैल करावेत. दोन्ही तोंडे एका रेषेत आणि समांतर यायला हवीत. वाकडी ओळ नटाच्या जोरावर सरळ करायला गेलात तर तोंड एकीकडेच टेकते आणि थेंब सुटत राहतो.

युनियन भिंतीत गाडू नये, ती पुढेमागे आवळता यायला हवी. फाट्यावर टीच्या लगेच पुढे व्हॉल्व्ह असावा, म्हणजे फाट्याच्या कामासाठी घराचे पाणी बंद करावे लागत नाही. टीचे तोंड खाली नको, गाळ त्यातच उतरतो. फाटा मुख्य ओळीपेक्षा लहान असेल तर रिड्यूसिंग टी मागावी. तिचे माप सांगताना सरळ ओळीची दोन तोंडे आधी आणि फाट्याचे शेवटी: पाऊण, पाऊण, अर्धा. उलटे सांगितले तर हातात भलतीच टी येते.

फाटा तांब्याच्या पाइपचा असेल तर तो जस्ती पाइपवर थेट चढवू नये, मध्ये डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे दोन धातूंचा एकमेकांशी संपर्क तोडणारी युनियन, घालावी. आणि पाण्याच्या प्रवाहात आधी जस्ती लोखंड, नंतर तांबे हाच क्रम ठेवावा. तांबे आधी आले तर पाण्याबरोबर वाहणारे त्याचे सूक्ष्म अंश पुढच्या जस्तावर बसतात आणि तिथे पाइपला खड्डे पडू लागतात.

आटे पाडायची सोय नसेल तर लोखंडी पाइपसाठी बनवलेली, रबरी रिंग आणि नट दाबून बसणारी कॉम्प्रेशन टी मिळते. ती लोखंडी पाइपच्या बाहेरच्या व्यासाचीच हवी, अर्धा इंचीचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मि.मी. असतो. तांब्याच्या पाइपची त्यावर बसत नाही. पाइपचे टोक गंज आणि रंग घासून गुळगुळीत करावे, किती आत जायला हवे याची खूण करावी, आणि दोन्ही बाजूंना पाइप भिंतीला पक्का बांधावा, कारण काही प्रकारांत पाइप बाहेर ओढला जाण्याला अडवणारे काहीच नसते. पाइपला भोक पाडून वर पट्टी आवळणारे सॅडल मात्र मी कायमच्या कामाला सुचवणार नाही. भोक लहान, धार कमी, आणि गंजक्या पाइपवर भोकाच्या कडेचा मुलामा गेल्याने तिथूनच पुढचा गंज सुरू होतो.

पाणी सोडताना मुख्य व्हॉल्व्ह थोडाच उघडावा, शेवटचे नळ उघडे ठेवून हवा जाऊ द्यावी. नळांच्या जाळ्या आधी काढून ठेवाव्यात, चुरा, तेल आणि सुटलेला गंज स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावा. मग नळ बंद करून पूर्ण दाबावर प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू फिरवावा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर दिसतो. युनियन पाझरत असेल तर नट थोडा आवळावा, दोनदा आवळूनही थांबले नाही तर उघडून तोंड पाहावे. आट्यांचा जोड पाझरत असेल तर पुढच्या दिशेने पाव फेरा, त्याने भागले नाही तर युनियन उघडून तो जोड नव्याने करावा. बाहेरून एम-सील थापून पाझर झाकू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद फिरवावा आणि त्यानंतरच भिंतीचे प्लास्टर करावे.

हे सगळे फक्त पाण्याच्या ओळीबद्दल आहे. गॅसचा पाइप दिसायला अगदी असाच असतो, म्हणून कापण्याआधी ओळ कुठून कुठे जाते ते शेवटपर्यंत हाताने चाचपून पाहावे. गॅसच्या ओळीला फाटा परवानाधारक माणसानेच काढावा.

आपला विश्वासू,
नळजोडणीच्या कामातला एक वाचक